तीनशेपर्यंत

मापसाहेब निवृत्त झाले ते ऑफिसातून, मोजण्यातून नाही. वजनमाप खात्यात त्यांची उभी हयात गेली. दुकानदाराचा तराजू उलटा करून बघायचा, पेट्रोल पंपावर माप लावून लिटर तपासायचा, कापडवाल्याच्या मीटरपट्टीला आपली पट्टी भिडवायची आणि कमी भरलं की जागच्या जागी पावती फाडायची. ते बाजारात शिरले की अख्खी ओळ शहाण्यासारखी वागायला लागायची. आता बाजार सुटला, पण सवय थोडीच सुटते. घरी आलेला गॅस सिलिंडर ते स्वतः वजनकाट्यावर चढवायचे. टूथपेस्ट संपली की ट्यूब कात्रीने कापून आत किती राहिली ते बघायचे आणि कंपनीला पत्र पाठवायचे. इमारतीतले लोक त्यांना मापसाहेब म्हणायचे, तोंडावरही आणि पाठीमागेही, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

त्यांच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणायची. काकू शर्ट-पँट शिवायच्या. मागच्या खोलीत मशीन, कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात एका पायावर उभा असलेला लाकडी पुतळा आणि काकूंच्या गळ्यात कायम टेप. म्हणजे मोजमाप दोघांच्याही हाताला होतं. फरक इतकाच, की काकू मोजून झालं की कापायला घ्यायच्या आणि मापसाहेब मोजून झालं की परत मोजायला घ्यायचे.

तर या काकूंना एक संधी चालून आली. इंटरनेटवरून शिवणकाम शिकवणारी एक संस्था होती. तिथल्या संचालिकाबाईंनी काकूंनी शिवलेला शर्ट कुणाच्या तरी अंगावर पाहिला, कॉलर उलटून पाहिली आणि फोन केला. एक चाचणी वर्ग घ्या, अर्ध्या तासाचा, समोर विद्यार्थिनी असतील, मीही बसेन. जमलं तर आठवड्यातून दोनदा तुमचा स्वतःचा वर्ग. काकूंनी फोन ठेवला. लहानपणी त्यांना शिक्षिका व्हायचं होतं. ते राहिलं. मग आयुष्यभर लोक त्यांच्याबद्दल ‘त्या शिवून देतात’ असं म्हणत आले. ‘त्या शिकवतात’ असं एकदा तरी कुणी म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

मापसाहेब विरघळले. माणूस वाईट नव्हता हो, फक्त मोजायचा. म्हणाले, “तुझ्या वर्गासाठी घरात फायबरचं इंटरनेट घेऊ. सगळ्यात वेगवान.” कारण त्या इमारतीत मोबाइलचं नेटवर्क म्हणजे जिन्यातल्या खिडकीत एका पायावर उभं राहायचं काम होतं. तिथे कापायचं टेबल कोण मांडणार?

इमारतीच्या फाटकाशीच कंपनीचा फलक लागला होता. आकाशात झेपावणारं रॉकेट आणि त्याच्या शेपटीवर लाल अक्षरात वेगाचा आकडा, ‘३००’. त्याच्याखाली, रॉकेटच्या धुरात, ‘पर्यंत’ असा शब्द होता. मापसाहेबांच्या नजरेतून तो सुटणं शक्यच नव्हतं. विक्रेता घरी आला, टाय लावलेला, घामाघूम, तेव्हा त्यांनी त्याला आधी पाणी दिलं आणि मग धरलं.

“तीनशे म्हणजे तीनशे?”

“तीनशेपर्यंत, सर.”

“पर्यंत म्हणजे?”

“म्हणजे त्याच्या वर जाणार नाही.”

“आणि खाली?”

विक्रेता हसला. “खाली कशाला जाईल, सर?”

हे हसू मापसाहेबांनी ओळखलं. तराजूच्या पारड्याखाली मेण चिकटवलेला दुकानदार असाच हसतो. ते उठून त्याला दार दाखवणार होते, पण आतून काकूंचा आवाज आला, “अहो, सही करा.” आणि काकूंच्या त्या ‘अहो’मध्ये काहीतरी असं होतं, की सही झाली.

केबल आली, भिंतीला भोक पडलं, लुकलुकणारा डबा टेबलावर बसला. त्या संध्याकाळी मापसाहेब भिंग घेऊन करारपत्र वाचायला बसले. अक्षरं मुंग्यांची रांग जावी अशी. पहिल्या पानावर लिहिलं होतं, की वर्षभर कनेक्शन सोडता येणार नाही. ते त्यांनी गिळलं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की वेग तीनशेपर्यंत असू शकतो आणि तो आपलं उपकरण, घराच्या भिंती, हवामान व इतर कारणांवर अवलंबून राहील.

“हवामान?” मापसाहेब कडाडले. “वायर भिंतीतून येते. तिला काय सर्दी होते?”

त्यांच्या तळपायाची आग अशी मस्तकात गेली, की त्यांनी करारपत्र मिटलं, भिंग डबीत घातलं आणि दोन्ही कपाटात कोंबलं. तिसरं पान त्यांनी उलटलंच नाही. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना ‘बारीक अक्षर वाचा’ म्हणून सुनावलं, त्याने तिसरं पान उलटलं नाही. एवढं ध्यानात ठेवा.

मग सुरू झालं मोजणं. फोनवर वेग मोजायची सोय असते हे कळल्यावर मापसाहेबांना हर्ष झाला, कारण त्यात चक्क काटा होता. बटण दाबलं की काटा थरथरत वर चढायचा, कुठेतरी अडायचा आणि आकडा सांगायचा. आकडा आला एकशेवीस. परत दाबलं, एकशेचाळीस. न्हाणीघरात जाऊन दाबलं, नव्वद.

“बघ,” ते काकूंना म्हणाले, “अर्धंसुद्धा भरत नाही. दिवसाढवळ्या टोपी घालतायत.”

काकू तेव्हा आपल्या मैत्रिणीशी व्हिडिओवर बोलत होत्या. मैत्रिणीच्या घरातली मांजरसुद्धा मिशांसकट स्पष्ट दिसत होती. “अहो, दिसतंय ना सगळं नीट.”

“दिसतंय की नाही हा प्रश्नच नाही. तीनशेचं दिसतंय की एकशेवीसचं दिसतंय, हा प्रश्न आहे.”

काकू परत मांजरीकडे वळल्या.

मापसाहेबांनी कंपनीला फोन लावला. आधी बासरी वाजली, मग ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ झालं, मग परत बासरी. शेवटी एक गोड आवाज म्हणाला, “सर, आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित दिसतंय.”

“तुमच्या बाजूने व्यवस्थितच दिसणार. साखर विकणाऱ्याच्या बाजूने किलो नेहमी किलोच असतो.”

“सर, तुम्ही पुरावा पाठवू शकता. वेगवेगळ्या वेळी मोजून.”

असं बोलणं कुणाशी करावं आणि कुणाशी करू नये, हे त्या गोड आवाजाला कुणीतरी शिकवायला हवं होतं. मापसाहेबांकडे पुरावा मागणं म्हणजे उपाशी माणसाला पंगतीत बसवणं. ते उठल्यावर मोजायचे, दात घासताना मोजायचे, जेवताना डाव्या हाताने मोजायचे. झोपेत मोजता येत नाही याचं त्यांना वाईट वाटायला लागलं, तेव्हा जुन्या लॅपटॉपमध्ये त्यांनी अशी व्यवस्था करून घेतली, की तो रात्रभर आपला आपण मोजत बसेल. सकाळी चहाच्या आधी रात्रीचे आकडे बघायचे आणि समाधानाने म्हणायचे, “एकदाही तीनशे नाही. एकदाही नाही.” मुलाला पैकीच्या पैकी मिळाल्यावर बाप जसा बोलेल, तसं.

काकू टेबलावर कागदाचे नमुने कापून वर्गाची तयारी करत होत्या. “अहो, त्या बिचाऱ्याला जरा झोपू द्या की,” त्या डब्याकडे बघून म्हणायच्या.

मग मापसाहेबांना वाटलं, एकट्याच्या पुराव्याला वजन नाही. त्यांनी इमारतीच्या तळमजल्यावर सभा बोलावली. जवळजवळ सगळ्यांकडे त्याच कंपनीचं कनेक्शन होतं आणि सगळे आपापल्या घरी सुखात होते. मापसाहेबांनी त्यांना तासाभरात दुःखी केलं. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंनी आयुष्यात प्रथमच काटा पाहिला आणि आपण लुटले गेलोय हे कळून त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या मजल्यावरचा बँकवाला तर पेटूनच उठला. ठरलं असं, की प्रत्येक घराने दर तासाला मोजायचं आणि आकडा फोनवरच्या गटात टाकायचा. गटाचं नाव ‘माप समिती’. लोक कामाला लागलेले पाहून मापसाहेबांची छाती फुगली.

एकच माणूस बधला नाही, आणि तो निघाला घरचाच. काकूंचा धाकटा भाऊ सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून ‘हळू, हळू, घाई नाही’ म्हणत राहायचं, हा त्याचा धंदा. त्यामुळे त्याचं रक्तच थंड झालेलं. त्याच्याकडे कंपनीचा सगळ्यात स्वस्त, सगळ्यात मंद प्लॅन होता.

“भाऊजी, माझं चालतंय,” तो सभेत म्हणाला. “मी कशाला मोजू?”

“चालतंय म्हणजे किती चालतंय?”

“मॅच बघतो. अडकत नाही. गाडी पोचते ना, मग मीटरकडे कशाला बघत बसायचं?”

सभेत कुणीतरी हसलं. तेवढं पुरलं. मापसाहेबांनी सगळ्यांसमोर आपल्या मेहुण्याचा पाणउतारा केला. असल्या गाफील गिऱ्हाइकांच्या जिवावरच हे लोक माजतात, तुझ्यासारख्याला कुणीही शेंडी लावेल, असं बरंच काही. मेहुण्याने शांतपणे ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाला आणि जिना चढून गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. काकू दोघांच्या मध्ये चहाचे कप घेऊन वर-खाली करत राहिल्या.

चाचणी वर्गाचा दिवस उजाडला. वर्ग संध्याकाळी होता. काकूंनी नवी साडी नेसली, केस दोनदा विंचरले, खडू, कात्री, कागद सगळं टेबलावर मांडलं. दुपारी संस्थेतल्या मदतनीसबाईंनी एकदा जोडून बघूया म्हणून व्हिडिओ लावला. काकू म्हणाल्या, “नमस्कार, आज आपण शर्ट...” आणि पडद्यावर काकूंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“काकू, तुम्ही हलत नाही आहात,” मदतनीसबाईंचा आवाज तुटत तुटत आला.

“मी हलतेय हो,” काकू म्हणाल्या आणि खात्री पटावी म्हणून दोन्ही हात हलवले. पडद्यावरच्या काकू ढिम्म.

मापसाहेबांनी झटक्यात फोन काढून बटण दाबलं. काटा थरथरला आणि दोनवर बसून राहिला. तीनशेपैकी दोन. क्षणभर, खोटं कशाला सांगा, त्यांना आनंद झाला. इतका ढळढळीत पुरावा त्यांना महिनाभरात मिळाला नव्हता. मग त्यांची नजर काकूंकडे गेली. काकू पडद्यावरच्या आपल्या उघड्या तोंडाकडे बघत होत्या, आणि खऱ्या काकूंचं तोंड मिटलेलं होतं, घट्ट. मापसाहेबांचा आनंद जागच्या जागी वितळला.

“मी बघतो,” ते म्हणाले. “मी आत्ता जाऊन त्यांना बघतो.”

कंपनीचं ऑफिस बाजारात होतं, चष्म्याच्या दुकानाशेजारी. बाहेर तेच रॉकेट. आत काउंटरवर एक चष्मेवाली मुलगी बसली होती. मापसाहेबांनी सगळे आकडे तिच्यापुढे ओतले. सकाळचे, दुपारचे, न्हाणीघरातले. तिने शांतपणे त्यांचा ग्राहक क्रमांक टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि तिच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

“सर, घरी गेम खेळणारं कुणी आहे का?”

“नाही.”

“सिनेमे? रात्रभर?”

“छे. आम्ही लवकर झोपतो.”

“मग एवढं वापरतं कोण? तुमच्या प्लॅनचा महिन्याचा डेटा संपलाय, सर. तो संपला की वेग दोनवर येतो. करारातच आहे, तिसऱ्या पानावर.”

“संपेल कसा? आम्ही काही वापरतच नाही. मी फक्त मोजतो.”

मुलीने चष्मा वर सरकवला. “किती वेळा मोजता?”

मापसाहेबांनी सांगितलं. लॅपटॉपचंही सांगितलं.

“सर,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात कीव होती हे सगळ्यात वाईट, “मोजताना लाइन पूर्ण जोरात चालवून बघावी लागते. प्रत्येक वेळी त्यात डेटा जातो. तुमचं सगळं मोजण्यातच गेलंय.”

मापसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन किलो साखर बरोबर आहे का हे बघायला रोज ती परातीत ओतत राहावी, आणि महिन्याअखेर कळावं की ओतताना सगळी सांडली, असं ते होतं. मग त्यांनी असं काहीतरी केलं, जे जन्मात केलं नव्हतं. विनवणी केली. मोठा प्लॅन द्या, आणखी एक वर्ष बांधून घ्या, कुठे सही करू ते सांगा, न वाचता करतो.

“करा, सर,” मुलगी म्हणाली. “उद्या सकाळी चालू होईल.”

“आज संध्याकाळी?”

“सिस्टीम घेत नाही.”

घरी काकू दारातच उभ्या होत्या. आणि मापसाहेबांनी, ज्यांनी उभ्या हयातीत खोटं माप सहन केलं नव्हतं, त्यांनी बायकोला सांगितलं, “कंपनीचा काहीतरी घोळ आहे. उद्यापर्यंत होईल म्हणतात.” बोलताना त्यांची नजर टेबलावरच्या खडूंवर होती.

“वर्ग आज आहे,” काकू म्हणाल्या.

“दुसऱ्या कुणाकडे बसू. मी विचारून येतो.”

ते खालच्या मजल्यावर धावले. नर्सबाईंनी दार उघडलं आणि तक्रारच केली, “मापसाहेब, आमचं दुपारपासून दोनच येतंय. मी आत्ताच गटात टाकलं की.” बँकवाल्याकडे गेले तर तो जिन्यातल्या खिडकीत एका पायावर उभा राहून मोबाइलवर ऑफिसचं काम करत होता. समोरच्या घरी तेच, शेजारच्या घरी तेच. अख्ख्या इमारतीने त्यांच्या सांगण्यावरून इमानेइतबारे दर तासाला मोजलं होतं आणि अख्खी इमारत दोनवर बसली होती. एकेका दारातून लोक त्यांना विचारत होते, “आता पुढे काय करायचं, मापसाहेब?” आणि मापसाहेबांना ढुंगणाला पाय लावून पळावंसं वाटत होतं.

ते परत आले तेव्हा काकू शांतपणे कापडाच्या घड्या पिशवीत भरत होत्या. “माझा भाऊ आहे की वर,” त्या म्हणाल्या.

“त्याचा तो मंद प्लॅन...”

“अहो.”

या वेळच्या ‘अहो’ने मापसाहेब जिना चढले. वरच्या मजल्यापर्यंत त्यांनी मनात तीन वाक्यं तयार केली होती, पण दार उघडल्यावर एकही आठवेना. मेहुणा बनियनवर, हातात चहाचा कप. त्याच्यामागे खोलीत दोन टायर, एक जुनं स्टिअरिंग आणि भिंतीभर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता.

“तुझं नेट चालू आहे?” मापसाहेबांनी विचारलं. आणि सवय जाईना म्हणून जोडलं, “किती येतं?”

“चालू आहे. किती ते माहीत नाही.”

“ताईचा वर्ग आहे. आमच्याकडे... तुझ्याकडे बसली तर...” त्यांची नजर वाहतुकीच्या चिन्हांवर गेली. “मी त्या दिवशी सभेत जरा जास्त बोललो.”

“जरा?” मेहुणा म्हणाला. मग त्याने कप खाली ठेवला. “ताईचा वर्ग आहे आणि तुम्ही दारात उभे काय राहिलात, भाऊजी? टेबल कोण आणणार वर?”

पुढचा तास त्या जिन्याने जे पाहिलं ते बोलायला नको. टेबल आडवं केलं तर वळणावर अडायचं, उभं केलं तर मेहुण्याचं नाक मध्ये यायचं. पुतळा मापसाहेबांनी घाईघाईत एकट्याने उचलला. वळणावर त्यांचा पाय अडखळला, त्यांनी कठडा धरला आणि पुतळा सुटला. तो खडखडत पायऱ्या उतरत गेला आणि खाली पोचला तेव्हा त्याचा एकुलता एक पाय मोडलेला होता. वरून काकूंनी हे पाहिलं.

“मोडला?” मापसाहेबांनी बारीक आवाजात विचारलं.

“राहू द्या,” काकू म्हणाल्या. “तुम्ही उभे राहा.”

“मी?”

“माप घेऊन दाखवायला माणूस लागतो. पुतळा नाही, मग तुम्ही.”

वर्ग सुरू झाला. काकूंच्या मागे भिंतीवर ‘पुढे धोकादायक वळण’ आणि ‘ओव्हरटेक करू नये’ अशी चिन्हं होती, पण पडद्यावर काकू हलत होत्या, बोलत होत्या, खडूची धूळसुद्धा दिसत होती. चौकोनाचौकोनांतून मुली बघत होत्या आणि एका चौकोनात संचालिकाबाई, हनुवटीखाली हात घेऊन. मेहुणा दाराशी बसला होता, आपल्या फोनचं नेट बंद करून, कुठे काही खर्च नको म्हणून. मापसाहेबांचा हात दोनदा खिशाकडे गेला. फक्त एकदा बघावं, इथे काटा किती चढतो ते. दोन्ही वेळा त्यांनी हात मागे घेतला.

सुरुवातीला काकूंचा आवाज कापत होता. मग टेप हातात आली आणि आवाज स्थिरावला.

“माप घेताना टेप ओढायची नाही,” त्या म्हणाल्या. “ओढली की आकडा आपल्याला हवा तसा येतो आणि शर्ट फसतो. आणि एकच माप पाच वेळा घ्यायचं नाही. समोरचा माणूस अवघडतो, अंग चोरतो, मग खरं माप मिळतच नाही. एकदा घ्या, नीट घ्या आणि कापायला घ्या. आता कंबर.” त्या नवऱ्याकडे वळल्या. “तुमची कंबर किती?”

“छत्तीस,” मापसाहेब ताठ उभे राहून म्हणाले.

काकू पडद्याकडे वळल्या. “मुलींनो, गिऱ्हाईक सांगतं ते माप म्हणजे जाहिरात. छत्तीस म्हणजे छत्तीसपर्यंत, ते पण हवामान चांगलं असेल तर. आपण आपली टेप लावायची.”

मुली हसल्या. संचालिकाबाईंचा हात हनुवटीखालून निघाला. काकूंनी टेप लावली, आणि मापसाहेबांनी पोट जितकं आत जाईल तितकं आत ओढलं. कानशिलं लाल झाली, डोळे मोठे झाले, पण आकडा छत्तीसवर टेकला.

काकू टेप तशीच धरून थांबल्या. “श्वास सोडा,” त्या हळूच म्हणाल्या.

“बरोबर आलंय,” मापसाहेब दातांमधून म्हणाले.

“श्वास सोडा. असं पोट धरून तुम्ही शर्टात किती वेळ राहणार आहात?”

मापसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. कपाळावर घाम, गालाला खडू, आणि डोळ्यांत असा उजेड, जो त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. हा उजेड आपण आज विझवत होतो, आपल्याच हाताने, आणि वर खोटं बोललो, हे त्यांना उमगलं. त्यांनी श्वास सोडला. पोट बाहेर आलं, टेप सरकत सरकत एकेचाळीसवर गेली, आणि श्वासाबरोबर बाकीचंही बाहेर पडलं.

“कंपनीचा घोळ नव्हता,” ते म्हणाले. “नेट मीच संपवलं. मोजून मोजून. सगळ्या इमारतीचंसुद्धा.”

आवाज त्यांच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. दाराशी मेहुण्याने कपाळाला हात लावला.

“माहीत आहे मला,” काकू म्हणाल्या. “डोळ्यांसमोर तेच तर चाललं होतं. हात वर करा, छाती मोजायचीय.”

मापसाहेबांनी हात वर केले.

काकूंनी छाती मोजली, खांदा मोजला, बाही मोजली. प्रत्येक माप एकदाच. कापडावर खडू फिरला, कात्री चालली, आणि अर्ध्या तासात त्यांनी त्या पोटासकट बसेल असा शर्ट कापून दाखवला. मापसाहेब शेवटपर्यंत हात थोडे वर धरूनच उभे होते, कारण खाली घ्या असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“काकू,” संचालिकाबाई म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यापासून तुमचा वर्ग. तुम्ही फार छान शिकवता.” आणि हसत विचारलं, “हे गृहस्थ दर वर्गाला येतील का?”

‘शिकवता’ हा शब्द काकूंनी नीट ऐकला. त्यांनी टेप गुंडाळली, परत उलगडली आणि गळ्यात घातली.

“येतील की,” त्या म्हणाल्या. “त्यांचा माझ्याशी करार आहे. मुदत नाही आणि मध्ये सोडायची सोय नाही. सगळी पानं वाचून सही केलीय मी.”

व्हिडिओ बंद झाला. मेहुण्याने चहा टाकला. दूध ओतताना त्याने सहज विचारलं, “भाऊजी, आता बघायचं का मोजून, माझं किती येतं ते?”

मापसाहेबांनी फोन खिशातून काढला, काकूंच्या हातात दिला आणि टेबल खाली न्यायला उठले.